माझं तिसरं नाक

आमच्या घरात माझी तीन नाकं होती. एक माझ्या तोंडावर, दुसरं मुलाच्या आणि तिसरं नातीच्या. तिन्ही एकाच साच्यातली. डोळ्यांपाशी सरळ निघायची, मध्यावर उंचवटा घ्यायची आणि टोकाशी खाली वाकायची. पहिली दोन अजून जागेवर आहेत. तिसरं गेल्या वर्षी ऑपरेशन करून बदललं, आणि त्या कामात माझा हात किती मोठा होता ते मला फार उशिरा कळलं. म्हणून लिहायला बसलोय. शिक्षण माझं चौथीपर्यंत, तेव्हा शुद्धलेखन तपासणाऱ्यांनी आत्ताच उठावं.

मी जळगावकडून बडोद्याला आलो तेव्हा मिसरूड फुटत होतं. वाघोडियाला पंप बनवणाऱ्या कंपनीत फिटर म्हणून लागलो आणि केस पिकेपर्यंत तिथेच कानस चालवली. लोखंडाचा जास्तीचा भाग घासून काढायचं हत्यार म्हणजे कानस. आता मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये गॅलरीतल्या हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर, बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चुका काढतो. या कामाला पगार नाही, पण रजाही नाही.

आमच्या नाकाचा मला अभिमान होता, हे मी लपवत नाही. गावाकडे आमच्या घराला नाकाड्यांचं घर म्हणायचे. दुसरा कुणी असता तर लाजला असता. आम्ही ते पदवीसारखं मिरवलं. पदवी म्हणून घरात दुसरं काही नव्हतंच.

तर एका रविवारी जेवताना नात म्हणाली, "मी नाकाचं ऑपरेशन करायचं ठरवतेय."

नात चोवीस वर्षांची. फतेगंजला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते. आमची ही म्हणाली, "एवढी सर्दी झाली आणि मला सांगितलं नाहीस?"

"सर्दी नाही आजी. आकार बदलायचाय."

मुलगा ताटात बघू लागला, जणू त्याचं नाक वरणात पडलं होतं. सून पाणी आणायला उठली. पाण्याचा जग भरलेला समोरच होता, त्यावरून मला कळलं की तिला ही बातमी आधीच होती.

मी म्हटलं, "आकाराला काय झालंय?"

"मला आवडत नाही."

"तुझ्या आवडीचा प्रश्न कुठे आला? नाक वडिलोपार्जित आहे."

"मग तुम्हीच ठेवून घ्या आजोबा. मी परत देते."

यावर मुलगा हसला. त्याला मी त्या दिवशी नाकाड्यांत मोजलंच नाही. मी ताट सरकवलं आणि आठ दिवस नातीशी बोललो नाही. काही हवं असेल तर हिच्यामार्फत सांगायचो. "तिला सांग, पंखा बंद कर." नात शेजारीच उभी असायची आणि पंखा बंद करायची. माझ्या असहकाराचा एवढाच परिणाम झाला की त्या आठ दिवसांत घरात सगळ्यांना जरा शांतता मिळाली.

नवव्या दिवशी ती हिंचक्यासमोर येऊन उभी राहिली. "डॉक्टरांनी सांगितलंय, घरातल्या एकाला घेऊन या. ऑपरेशननंतर आठवडाभर दिवसा माझ्याजवळ जो असेल त्याला सगळं समजावणार आहेत. आईबाबा कामावर, आजीचे गुडघे दुखतात. राहिलात तुम्ही."

"म्हणजे उरलेला माल."

"हो," ती म्हणाली. जीभ तिला कुणाकडून मिळाली ते सांगायला नको.

मी लगेच तयार झालो. समजून घ्यायला नव्हे. त्या डॉक्टरला चार प्रश्नांत गप्प करायचं आणि नाक आहे तसं घरी आणायचं, हा माझा बेत. कॅलेंडरचं जुनं पान फाडून पाठीमागे प्रश्न लिहिले. चार ठरवले होते, अकरा झाले.

तिच्या स्कूटरवर मागे बसून गेलो. दवाखाना असा चकचकीत की खऱ्या आजारी माणसाला आत शिरायची लाज वाटावी. पाण्यात लिंबाच्या चकत्या टाकलेल्या. सरबत करायचं ठरवून कुणीतरी मध्येच कंटाळलं असावं. भिंतीवरच्या फोटोंतली माणसं इतकी सुंदर होती की ती इथे कशाला आली असतील ते समजेना. बसायला गाद्या मात्र मऊ, त्यामुळे मी खुशीत आलो आणि शेजारी बसलेल्या एका बेनशी, म्हणजे बाईंशी, बोलायला लागलो. त्या आपल्या मुलाच्या गालावरचा भाजल्याचा डाग दाखवायला आल्या होत्या. त्यांनी सहज विचारलं, "काका, तुमचं काय?"

"माझं काही नाही. नातीला हे नाक नको झालंय." मी माझं नाक बाजूने दाखवलं. मग म्हटलं, ऐका, याच नाकाने तिला पहिलं बक्षीस मिळवून दिलंय. आणि मी माझी नेहमीची गोष्ट सांगितली.

ती गोष्ट मी इतक्यांना सांगितली आहे की बडोद्यात ती न ऐकलेला माणूस सापडणं कठीण. नात तेव्हा सात वर्षांची. सोसायटीच्या गणपतीत मुलांची वेशभूषा होती. मी तिला पोपट केलं. उत्तरायणातले हिरवे पतंग माळ्यावर पडले होते, त्यांच्या कागदाचे पंख कापले, लाल कागदाची कंठी केली. काम असं चोख की लांबून पिंजरा शोधावासा वाटेल. ती स्टेजवर गेली. माईकवाल्याने विचारलं, "अरे, पोपटाची चोच राहिली का?" मी पहिल्या रांगेत. तिथूनच मोठ्याने म्हणालो, "चोच घरचीच आहे. लावायची गरज नाही." सगळा मांडव हसला. दोन मिनिटं टाळ्या. पहिला नंबर, स्टीलचा डबा. माझ्या गोळ्या अजून त्याच डब्यात असतात. त्या दिवसापासून मी तिला राघू म्हणतो.

शेजारच्या बेन हसल्या, जेवढं ओळख नसलेल्या माणसाने हसावं तेवढं. नात मोबाईलमध्ये बघत होती. मी म्हटलं, "काय राघू, बरोबर सांगितलं ना?" ती म्हणाली, "आपला नंबर आला."

डॉक्टर बाई होत्या, माझ्या मुलापेक्षा लहान. "केम छो काका, बेसो," म्हणाल्या. बोलणं गुजरातीतच झालं, मी इथे मराठीत मांडतो. मी चष्मा लावला, कॅलेंडरचं पान उघडलं आणि पहिला प्रश्न टाकला.

"उंचवटा काढणार कशाने?"

मला वाटलं त्या इंग्रजीत काहीतरी लांबलचक सांगतील. त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला आणि हत्याराचा फोटो दाखवला. मी पुढे वाकून पाहिलं. बारीक दातांची, दोन्ही टोकांना जरा वाकवलेली, पण कानसच.

"ही तर कानस."

"कानसच काका. हाडाचा भाग याने घासतात. बाकीचं मऊ हाड सुरीने कापायचं. चिरा नाकपुडीच्या आत, बाहेरून दिसत नाहीत."

"जास्त घासलं गेलं तर?"

"म्हणून मी कमी घासते. राहिलेलं नंतर काढता येतं, गेलेलं परत लावणं फार अवघड."

तीस वर्षं मी नव्या पोरांना हेच सांगत आलो होतो, आणि आता ते टेबलापलीकडून मलाच ऐकवलं जात होतं. हा प्रकार मला आवडला नाही. मी तिसऱ्या प्रश्नावर गेलो.

"काम झाल्यावर नख अडकणार नाही ना?"

"नख?"

मग त्यांना समजावून सांगावं लागलं. आमच्यात घासलेला भाग डोळ्यांनी पास करत नाहीत. डोळा चकतो. वरून नख फिरवायचं. केसभर पायरी राहिली असेल तरी नख अडकतं, आणि नख अडकलं की तो भाग परत बाकावर. माझ्या हातून अडकलेला भाग कधी पुढे गेला नाही, हे कंपनीत कुणालाही विचारा.

डॉक्टरबाईंनी हे मान हलवत ऐकलं. म्हणाल्या, "सूज पूर्ण उतरली की बघा नख फिरवून. पण त्याला वर्ष जातं."

"वर्ष? आम्ही वर्षात दोन हजार पंप काढायचो."

"पंपांना सूज येत नाही काका."

नात हसली. तिथून पुढे त्या तिच्याशीच बोलल्या. बेशुद्ध करून ऑपरेशन, दोन-तीन तास. आठवडाभर नाकावर कडक पट्टी. डोळ्यांखाली काळंनिळं होईल, दोन आठवडे राहील. नाक चोंदलेलं, श्वास तोंडाने. उशा उंच घेऊन झोपायचं, वाकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. काही आठवडे नाकावर चष्मा ठेवायचा नाही. टोक बरेच महिने बधीर वाटेल. पट्टी निघेल तेव्हा नाक आवडणार नाही, कारण ते सुजलेलं असेल. आणि एवढं सोसूनही मनासारखं होईलच असं नाही. कधी कधी पुन्हा हात लावावा लागतो. कॉम्प्युटरवर तिचा फोटो घेऊन त्यांनी उंचवटा कमी करून दाखवला. दोन सेकंदांत आमची चार पिढ्यांची कमाई गेली. "हे फक्त अंदाजाला," त्या म्हणाल्या, "असंच होईल असं वचन मी देत नाही."

मी खूश. अर्धं काम बाई स्वतःच करत होत्या. एवढं ऐकून कुठली शहाणी मुलगी हो म्हणेल?

मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "आता माझा एक प्रश्न. हे नाक तुला कधीपासून आवडत नाही?"

नातीने मोबाईल मांडीवर उलटा ठेवला. मग म्हणाली, "सात वर्षांची होते. सोसायटीच्या गणपतीत पोपट झाले होते."

खोटं कशाला सांगू, मला क्षणभर बरं वाटलं. म्हटलं, ही पण आपली गोष्ट सांगतेय.

"तोपर्यंत मला माहीतच नव्हतं की माझ्या नाकात काही वेगळं आहे," ती म्हणाली. "सगळे हसले. मीही हसले, कारण सगळे हसत होते. घरी येऊन आरशात पाहिलं तेव्हा कळलं कशाला हसले. दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसायला लागले."

"काय म्हणाले होते?"

"चोच लावायची गरज नाही म्हणाले."

"कोण म्हणालं?"

मी पानावरचा चौथा प्रश्न वाचत होतो. म्हणजे पानाकडे बघत होतो. चौथा प्रश्न काय होता ते आजही आठवत नाही.

"घरातलंच कुणीतरी," नात म्हणाली.

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या म्हणाल्या, "मी लगेच तारीख देणार नाही. तीन महिने थांब. कुणी बोललं म्हणून करायचं असेल तर नको करूस. ते बोलणं मला घासून काढता येत नाही."

"मला राग नाही कुणाचा," नात म्हणाली. "मला फक्त बाजूने फोटो काढता यावा, एवढंच."

राहिलेले आठ प्रश्न मी घडी करून खिशात ठेवले. येताना तिने स्कूटर सेवउसळीच्या गाडीपाशी हळू केली. ती म्हणाली, "आजोबा, सेवउसळ खायची?" मी नको म्हटलं. बडोद्यात इतकी वर्षं काढून सेवउसळीला मी पहिल्यांदा नाही म्हणत होतो. तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि स्कूटर सरळ घरी घेतली.

दुपारी फोटोंचे अल्बम काढून बसलो. मुंजी, लग्नं, बारशी. सात वर्षांपर्यंत ती कशीही उभी आहे: पाठमोरी, वाकडी, कुणाच्या तरी खांद्यावर. त्यानंतर प्रत्येक फोटोत समोर. इतर सगळे नवरीकडे बघतायत, ही एकटी कॅमेऱ्याकडे. एकात वळावंच लागलं असेल, तर गालावर हात. आमच्या घराण्याचं नाक मी जन्मभर वर करून चाललो आणि हे माझ्या नाकासमोर होतं.

माफी मागायला हवी होती, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण माफी मागणं पाचवीत शिकवत असावेत. माझ्याने ते होईना. मी फक्त राघू म्हणणं सोडलं. ते सोपं असेल असं वाटणाऱ्याने सतरा वर्षांची सवय सोडून दाखवावी. हाक मारायला तोंड उघडायचं, "रा" यायचा आणि तिथेच गिळायचा. हिने दोन दिवस पाहिलं आणि म्हणाली, "अहो, घशाचं काय झालंय? कान-नाक-घसा वाल्यांकडे तुम्हालाच न्यावं लागणार बहुतेक."

तीन महिन्यांनी नात पुन्हा हिंचक्यासमोर आली. "मी विचार केला. मला करायचंय. पण तुम्ही नाही म्हणालात तर थांबेन."

हीच संधी होती. एका शब्दात तिसरं नाक वाचलं असतं. माझा स्वभाव ज्यांना माहीत आहे त्यांचा विश्वास बसणार नाही, पण मी म्हणालो, "सोबतच्या माणसाची सही लागते ना? पेन आण."

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी घरी आली तेव्हा नाकावर पांढरी पट्टी, डोळ्यांखाली वांग्याचा रंग. ही पदराने डोळे पुसत तुपाची वाटी घेऊन बसली, कारण तोंडाने श्वास घेऊन पोरीचे ओठ फुटले होते. शेजारचे चौकशीला आले. "स्कूटरवरून पडली का?" मी दारातच सांगायचो, "नाक दुरुस्तीला दिलं होतं, परत आलंय." जास्त खोलात शिरणाऱ्याला मी माझं नाक दाखवून विचारायचो, "तुमचंही काम सांगू का डॉक्टरांना?" दारातली गर्दी त्यानंतर ओसरली.

गालांवर थंड फडकं, मऊ खिचडी, वेळच्या वेळी गोळ्या हे माझं खातं. खरी अडचण चष्म्याची. चष्म्याशिवाय तिला हाताची बोटं दिसत नाहीत, आणि नाकावर तो ठेवायचा नाही. मुलाने चिकटपट्टीने कपाळाला चिकटवला. घाम आला की चष्मा खिचडीत. मी जुनी पेटी काढली. पातळ तार घेतली, कपाळावर कापडी पट्टा बांधून त्याला अडकेल असा आकडा वळवला, टोकं कानसेने घासून गोल केली आणि दोन्ही काचांमधला पूल त्यात लटकवला. नाकापासून बोटभर अंतर. टोकांवरून नख तीनदा फिरवलं. तिने डोकं हलवून पाहिलं. चष्मा हलला नाही. "आजोबा, हे पेटंट आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, "जास्त बोलू नकोस, टाके ताणतील." पुढच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी तो आकडा काढून हातात घेऊन पाहिला आणि आणखी दोन करून मागितले. मी करून दिले.

आठवड्याने पट्टी निघाली. नाक सुजून उकडलेल्या बटाट्यासारखं झालं होतं. माझ्या तोंडात त्या क्षणी सहा वाक्यं आली, एकाहून एक झकास. सहाही गिळली. आयुष्यात एवढे कष्ट मी कुठल्या कामाला घेतले नाहीत. नातीने घरी येऊन आरसा पाहिला आणि रडायला लागली. "हे काय झालं? आधीचंच बरं होतं."

आता हे ऐकायला मी तीन महिने आधी वाटेल ते दिलं असतं. पण मी तिच्या शेजारी बसलो आणि म्हटलं, "रफ कानस झालीय फक्त. फिनिशिंग बाकी आहे. अर्ध्या कामाचा भाग बघायचा नसतो, कुणाचाच चांगला दिसत नाही. आरसा आण इकडे." आरसा मी कपाटात ठेवून किल्ली घेतली. महिनाभर मुलगा कपाटाच्या काचेत बघून दाढी करायचा. त्याचं नाक शाबूत होतं, त्याला काय बघायचंय.

गेल्या महिन्यात वर्ष झालं. रविवारी सकाळी ती माझ्यासमोर बाजूने उभी राहिली. "तपासा."

मी उठून हात धुतले. पुसले. उजव्या अंगठ्याचं नख तिच्या डोळ्यांच्या मधोमध टेकवलं आणि हळूहळू खाली आणलं. मध्यावर, जिथे आमचा उंचवटा होता, तिथे केसभर जागा लागली. डोळ्यांना कधी दिसणार नाही, पण नखाला लागली. तिने श्वास धरून ठेवला होता.

"पास," मी म्हटलं.

"नक्की?"

"तीस वर्षांत कुणी मला नक्की विचारलं नाही."

ती हिंचक्यावर बसली. मी पण बसलो. पायाने झोका देत विचारलं, "डॉक्टरांना तेव्हा माझं नाव का नाही सांगितलंस?"

"सांगायची गरजच नव्हती. त्यांच्या केबिनचं दार अर्धं उघडं असतं आजोबा. तुम्ही बाहेर सगळी गोष्ट सांगून आला होतात. टाळ्यांसकट."

"मग घरातलंच कुणीतरी कशाला म्हणालीस?"

"तुम्ही शेजारी बसला होतात म्हणून."

मी रस्त्याकडे बघितलं. समोरच्या सोसायटीत कुणीतरी गाडी वाकडी लावत होतं. एरवी मी ओरडलो असतो. "त्या मांडवात माझं चुकलं," मी म्हणालो.

"काय? ऐकू नाही आलं."

"मी एकदाच बोलतो."

तिने पुन्हा विचारलं नाही. मोबाईल काढला, हात लांब केला आणि मान बाजूला वळवली. "तुम्ही पण वळा. समोर नका बघू." मी वळलो. फोटो काढून तिने दाखवला. माझं नाक एवढं पुढे आलंय की तिचं अर्धं त्यामागे झाकलं गेलंय. वर्षभराची मेहनत, आणि दिसतंय कुणाचं, तर माझंच. मी म्हटलं, दुसरा काढ, हा रिजेक्ट. ती म्हणाली, हाच ठेवायचा.